डावीकडे झिजलेली निब

दादानं पेन टेबलावर असं जपून ठेवलं, जणू बाबांनाच उचलून आणलंय.

"नव्यासारखं करून दे. परवा नव्या ऑफिसचं उद्घाटन. आधी सगळ्यांसमोर मी यानं सही करणार, मग हे बाबांच्या फोटोखाली काचेच्या पेटीत. याच पेनानं धंदा उभा केला त्यांनी."

घरात मोडलेलं सगळं, म्हणजे घड्याळं, छत्र्या, वहिनीचे रुसवे, धाकटीच्याच टेबलावर येई. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. वस्तू बिघडवत बिघडवत ती शिकली होती.

पेनाचं काळं अंग उन्हानं तपकिरी पडलेलं. नळीवर खडूची पूड चोळून तिनं ती तिरक्या उजेडात धरली, तेव्हा कंपनीचं पुसट नाव वर आलं. बाजूची पट्टी उचलून शाई ओढायची जुनी तऱ्हा. म्हणजे आईबाबांच्या लग्नाच्या आसपासचं. कोमट हवा देऊन तिनं पुढचा भाग सोडवला. आतली रबरी पिशवी वाळून कडकडीत झाली होती. नवी पिशवी लाखेनं बसवली, निबेखालची, शाई पुढे आणणारी जीभ पाण्यात धुतली आणि शाई भरून रेघ ओढली.

खर्र! कागदच फाटला.

पडलं असेल कधीतरी, म्हणून तिनं भिंग लावलं. निब सरळच होती. टोक मात्र एका बाजूला तिरकं झिजलेलं, उजव्या हाताच्या माणसाचं झिजतं त्याच्या बरोबर उलट. तिनं पेन डाव्या हातात घेतलं. वेडीवाकडी का होईना, रेघ लोण्यासारखी गेली.

बाबा उजवे. घरात डावरी एकच, आई. आणि आईला तर लिहायचा कंटाळा! निरोपसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायची.

आई गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, हे कुणाचं गं?"

"माझं," आई चादरीची टोकं जुळवत म्हणाली. "मामानं दिलेलं. तुझ्या बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. गिऱ्हाइकांना पत्रं मी लिहायची, खाली सही ते ठोकायचे. डावरी सून कुणाला दिसू नये म्हणून सासूबाई दार लावून घ्यायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"धंदा चालला होता ना. पुढे टाइप करणारी आली आणि मला लिहायचा कंटाळा आला."

संध्याकाळी दादानं पेन चालवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "खरखरतंय की!"

"तुझ्या हाताला खरखरणारच. आईच्या डाव्या हातानं घडलंय ते." धाकटीनं सगळं सांगितलं.

दादानं चष्मा काढून पुसला. "बरं. पण निब घासून टाक ना. दोन मिनिटांचं तर काम."

काम दोन मिनिटांचंच होतं. बारीक घासकागद खणातच होता. चार हात मारले की दादाला पेन गुळगुळीत, आणि आईचा हात कायमचा पुसला.

"नाही घासणार."

"डोकं फिरलंय का तुझं? पेटीच्या पाटीवर 'बाबांचं पेन' कोरून झालंय!"

"मग पाटी घास."

"नवी निब आणतो मी!"

"आण. दुकानदाराकडूनच बसवून घे. माझा हात लागणार नाही."

"भांडू नका रे," आई आत आली. "आण ते इकडे."

तिनं पेन डाव्या हातात धरलं. पहिली ओळ थरथरली, दुसरी ताठ उभी राहिली. दादा त्या अक्षराकडे बघतच राहिला. जुन्या पत्रांतलं हेच वळण त्यानं बाबांचं म्हणून ऑफिसच्या भिंतीवर हातभर मोठं करून रंगवून घेतलं होतं.

"आई... आता लोकांना मी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. पहिली सही मी करते. ज्याला डोळे आहेत त्याला कळेल."

"डाव्या हातानं? उद्घाटनाला?"

"उजव्यानं मला येत नाही, बाळा. आणि पेटीत तुझा चष्मा ठेव. पेन माझ्या पर्समध्ये राहील." ती धाकटीकडे वळली. "शाई काळी भर गं. निळी लांबून दिसत नाही."