आष्ट्याच्या चौकात माझं अभिनंदन

मित्रांनो, मी एक पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, पैशांची नव्हे आणि भजनातली तर नव्हेच. मोटारगाडीच्या बॉनेटखाली बसणारी, दोन तळहातांएवढी, ॲल्युमिनियमची चपटी पेटी. शिकलेली माणसं मला ईसीयू म्हणतात. आष्ट्यात मला नुसतं ‘इंजिनाची पेटी’ म्हणतात, आणि मला तेच नाव आवडतं. एवढीशी पेटी आणि तोरा केवढा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! इंजिनाला डिझेल किती पाजायचं, हवा किती द्यायची, कधी जोर करायचा आणि कधी दमानं घ्यायचं, हे सगळं मी ठरवते. चाकं दिसतात, रंग दिसतो, म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात. कारभार मात्र माझ्या हातात असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण सापडायचा नाही. शहाण्या माणसांनी माझ्या पोटात हजारो आकडे भरले. आमच्या इंजिनाच्या अंगात एकशे पंचेचाळीस घोड्यांचा जोर होता, पण मला त्यांनी बजावलं, की एकशे पंधराच बाहेर काढायचे. उरलेले राखून ठेवायचे. कधी भेसळीचं डिझेल मिळतं, कधी चैत्रातलं ऊन असतं, कधी पाचजणांच्या गाडीत नऊजण बसतात. तेव्हा ती शिल्लक कामाला येते. मला तर ही शिकवण फार पटली.

मला घरी आणलं ते सुभेदार लालासाहेबांनी. फौजेत त्यांनी डोंगराळ मुलखात ट्रक चालवले होते. निवृत्त होऊन आष्ट्याला ऊस बघत होते. शोरूममधून गाडी दारात आली तेव्हा त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. ते माझ्या अगदी डोक्यावर होतं, म्हणजे पूजा माझीच झाली असं मी धरून चालले.

“पाच वर्सं वॉरंटी हाय,” सुभेदार बनुबाईंना सांगत होते. “काय मोडलं तर कंपनी बघंल. आपून एकच करायचं, कंपनीनं दिलंय त्यात हात घालायचा न्हाई.”

“आन् घातला तर?”

“मग आपलं आपून निस्तरायचं.”

बनुबाईंना पटलं. मलाही पटलं. पटलं नाही ते एकट्या शिवतेजला.

शिवतेज म्हणजे सुभेदारांचा मुलगा. गुणाचा, कष्टाळू, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याची बहीण शिवांजली रहिमतपूरला दिलेली. तिचा नवरा इंद्रजित, म्हणजे शिवतेजचे दाजी. एका श्रावणी सोमवारी दोन्ही घरची माणसं साताऱ्याजवळ यवतेश्वराला निघाली. घाटात दाजींनी आम्हाला असं मागं टाकलं, की विचारू नका. वर देवळापाशी पोचलो तर दाजी पायरीवर नारळ सोलत बसलेले.

“काय मेव्हणं, वाटंत जेवून आलासा काय?”

सगळे हसले. बनुबाईंनीही पदर तोंडाला लावला. शिवतेज प्रसाद घेताना हसला, पण परतीच्या वाटेवर त्यानं स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं, की मला त्याचा राग कळत होता. मेव्हण्यानं दाजींकडून थट्टा सोसायची असते, ही आपल्याकडची रीत. पण ती गाडीवरून झाली आणि याच्या मनाला लागली.

मग एके दिवशी आम्ही सांगलीला विश्वजितकडे गेलो. विश्वजित गाड्यांच्या पेट्यांतले आकडे बदलायचा. त्यानं स्टिअरिंगखालच्या जागेत वायर लावली, लॅपटॉप उघडला आणि सरळ माझ्या पोटात शिरला. माणूस खोटारडा नव्हता. त्यानं आधीच सांगितलं, “शिवतेजराव, जोर लय वाढंल, पण इंजिनाची वॉरंटी गेली म्हणून समजा. आन् टर्बोवर ताण येतोय.” टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा.

“कंपनीला कळतंय कशाला?” शिवतेज म्हणाला.

तासाभरात माझे आकडे बदलले. राखून ठेवलेले तीस घोडे मोकळे सुटले. खरं सांगू? मला भारी वाटलं! पेठ-सांगली रस्त्यावर शिवतेजनं जरा पाय दाबला, तर गाडी अशी उसळली, की त्याची टोपी मागच्या सीटवर. माझ्याच अंगात एवढा जोर होता, हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण अनुभव नव्हता.

आणि आता ऐका, मित्रांनो. आष्ट्यात असं काही झालं, की ते गुपचूप ठेवतील तर ती शिवतेजची दोस्तमंडळी कसली! आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. माणूस निवडून आला की फ्लेक्स, बैलानं शर्यत मारली की फ्लेक्स, मग गाडीनं काय घोडं मारलं होतं? त्यावर लिहिलं होतं: ‘आमचे मित्र शिवतेजदादा यांच्या गाडीची ताकद ११५ वरून १४५ घोडे झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली कानाला फोन लावलेल्या दोस्तांची रांग. वर कोपऱ्यात, फौजेची बेरेट टोपी घातलेल्या सुभेदारांचा फोटो आणि शेजारी शब्द, ‘मार्गदर्शक’.

माझा फोटो नव्हता. माझ्या जागी दौडणारा घोडा छापला होता. तरी अभिनंदन माझंच होतं! सगळ्या सांगली जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या पेटीच्या नशिबी हे आलं असेल तर दाखवा.

सुभेदारांनी फ्लेक्स पाहिला. रोज येता-जाता आपला फोटो पाहायचे आणि म्हणायचे, “पोरांनी बेरेटवाला फोटो लावला, बेस केलं.” वाढदिवसाचा असेल, असं त्यांनी धरलं. खालची अक्षरं वाचतो कोण?

पुढचा श्रावण आला. पुन्हा यवतेश्वराला दोन गाड्या निघाल्या. आमच्यात सुभेदार, बनुबाई, शिवांजली आणि तिचं तान्हं लेकरू बनुबाईंच्या मांडीवर. घाट लागला आणि शिवतेजनं पाय दाबला. दोन वळणांत दाजी मागे! शिवतेजनं हॉर्न वाजवला, शिवांजलीनं खिडकीतून नवऱ्याला हात केला. मीही तेव्हा कुणाला ऐकत नव्हते.

पण पुढच्या चढाला टर्बोनं शिट्टी मारली. तो तापून लाल झाला होता. त्यातून तेल गळू लागलं, मागे निळा धूर सुटला. शिवतेजला यातलं काही दिसत नव्हतं, तो वर बघत होता. डावीकडे दरी होती. अजून दोन वळणं असाच दाबला असता तर इंजिन जाम झालं असतं, तेही चढावर, वळणात. विश्वजितनं माझे आकडे बदलले होते, पण माझा शेवटचा हक्क काढून घेतला नव्हता. जिवावर बेतलं की मालकाचं ऐकायचं नाही. मी डिझेल तोडलं, जोर खाली आणला, समोर पिवळा दिवा लावला. गाडी म्हशीच्या चालीनं कडेला जाऊन उभी राहिली.

“हिच्यायला! ऐन वेळंला पेटीनं दगा दिला,” शिवतेज म्हणाला.

मला फार लागलं. ज्यांना वाचवलं त्यांच्याच तोंडून हे ऐकायचं! दाजी मागून आले, पण थट्टा केली नाही. धूर बघून त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आधी लेकराला उचलून आपल्या गाडीत नेलं.

गाडी ओढून आष्ट्याला आणली. टर्बो गेला होता. वॉरंटीचं दीड वर्ष बाकी होतं. शिवतेजनं विश्वजितला बोलावलं, तर तो म्हणाला, “आकडे परत भरून उपेग न्हाई. पेटीत हात घातल्याची खूण राहती. माझं ऐकू नका, पण लोक पेटीच बदलत्यात.”

शिवतेजनं तेवढंच ऐकलं. वडील रानात गेलेले बघून त्यानं भंगारातून आणलेली एक पेटी माझ्या जागी बसवली. मला बनुबाईंच्या बाजाराच्या पिशवीत घातलं आणि घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून पिशवी मागच्या सीटखाली सारली. ज्या जागेवर हळदकुंकू पडलं होतं, तिथे कोण कुठली पेटी बसली, आणि मी मिरच्यांच्या वासात! काम झालं की मला कुणी घरात ठेवणार नव्हतं, हे मी ओळखलं.

सांगलीच्या शोरूममध्ये दीपमाला मॅडम होत्या, दुरुस्तीच्या प्रमुख. त्यांनी गाडी पाहिली. मागचं दार उघडंच होतं, म्हणून पिशवीच्या तोंडातून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

“इंजिनात, सेटिंगमध्ये काही बदल केलाय का?”

“न्हाई. कंपनीनं दिली तशी हाय,” शिवतेज म्हणाला.

दीपमाला मॅडम सुभेदारांकडे वळल्या. “आबा, मी इस्लामपूरहून रोज आष्ट्यावरनं येते. फ्लेक्सवर तुमचा फोटो फार छान आलाय.”

“बेरेटवाला नव्हं?” सुभेदार खुलले.

“हो. खाली काय लिहिलंय ते वाचलंत का?”

सुभेदारांनी नकारार्थी मान हलवली. मॅडमनी अक्षर न् अक्षर म्हणून दाखवलं. एकशे पंधरा, एकशे पंचेचाळीस आणि मार्गदर्शकसुद्धा. सुभेदारांना घाम फुटला.

“आता ऐका,” मॅडम म्हणाल्या. “फ्लेक्स म्हणजे काही पुरावा नव्हे. तुमच्याकडं कशाचेही फ्लेक्स लागतात. तुम्ही मालक आहात. तुम्ही सांगाल तेच मी वर कळवीन.”

म्हणजे बघा, सुटायला वाट मोकळी होती. एक ‘न्हाई’ म्हटलं, की नवा टर्बो फुकट. सुभेदारांनी घाम पुसला. मग मुलाकडे वळले. मला वाटलं, आता कानाखाली जाळ काढतात. पण आवाज अगदी हळू होता.

“शिवतेज, घाटात तुझी आय मागं बसली हुती. तिच्या मांडीवर लेकरू हुतं. तू तर दाबतच हुतास. मग गाडी थांबवली कुणी रं?”

शिवतेजनं मागच्या सीटकडे पाहिलं.

“सांग की. मी मॅडमास्नी काय सांगू ते तूच ठरीव.”

“पेटीनं थांबवली, आबा.”

“व्हय ना?”

पुढचं मला दिसलं नाही, कारण पिशवी अचानक वर उचलली गेली. उजेड आला तेव्हा मी मॅडमच्या टेबलावर होते. शिवतेज म्हणाला, “आमची पेटी ही हाय, मॅडम. गाडीत हाय ती भंगारातली. बदल मी केला, पेटी बी मीच काढली. आबास्नी यातलं कायबी ठावं न्हाई.”

इंजिनाची वॉरंटी गेली. टर्बो घरच्या खर्चानं बसला. मॅडम कठोर नव्हत्या; बाकीच्या गाडीची वॉरंटी त्यांनी राखली आणि माझ्या पोटात कंपनीचे आकडे परत भरले. शोरूममधला माणूस मला बसवायला निघाला, तर शिवतेज पुढं झाला. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं मला पुसलं, मिरचीचं एक बी निघालं तेही काढलं.

सुभेदार शेजारीच उभे होते. “नीट आवळ,” ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “मला वाटलं, तू पिशवी उचलणार न्हाईस.” त्यांचे डोळे भरले होते. फौजी माणूस, चारचौघांत, आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

तर मित्रांनो, माझा जोर एकशे पंधराचा आहे आणि मी तो अभिमानानं सांगते. तुमच्या घरच्या गाडीत माझी कुणी बहीण असेल, तर तिचे आकडे बदलण्याआधी चार जाणत्यांना विचारा, वॉरंटीत काय लिहिलंय ते वाचा. तिनं पिवळा दिवा लावला तर तिला शिव्या देऊ नका, थांबा. ती दगा देत नसते. गाडीत कोण कोण बसलंय, हे तिनं ओळखलेलं असतं.