हळदीचं पाणी

“पाणी शेंदायच्या आधी वाकून बघायचं. रोज. मग पोहरा सोडायचा.”

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला विहिरीवर नेऊन हे सांगितलं. दगडाबाई त्यांचं नाव. जायच्या आधी शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून एवढंच बोलल्या, “हिच्यात घाण येऊ द्यायची नाय. व्हय म्हण.” मी व्हय म्हणाले.

त्याला अठरा वर्षं झाली. रोज पहाटे विहिरीच्या काठावरच्या सात दगडांना, पाण्याच्या देवींना, सात आसरांना, पाणी घालते, शेंदूर लावते. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मौन. सासूबाईंचंच व्रत, त्यांच्यामागं मी धरलं. एरवीही माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत जात नाही.

आमची वस्ती शहराच्या उताराला. वरच्या कॉलन्यांमधल्या गाड्या धुतल्याचं, गॅरेजच्या ऑइलचं, कचराकुंडीतलं सगळं पावसासोबत आमच्या दारावरून नाल्याला जातं. नळ येतो तेव्हा येतो. बाकीचे दिवस साठ घरांचे या विहिरीवर निघतात.

तर यंदा पालिकेतल्या साहेबांना आमची दया आली. गरीब वस्त्यांसाठी स्वच्छ पावसाळी पाण्याचा आराखडा म्हणे. एका शुक्रवारी सकाळी अकराला समाजमंदिरात सुनावणी ठेवली. शिवराज साहेब आले, नकाशे काढणाऱ्या मोनाली मॅडम आल्या, आणि मागून सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचं खोकं आलं. पाण्याची योजना सांगायला आलेली माणसं पाणी घरून घेऊन आली होती. कुणाला हसू नये, व्रतात तर नाहीच. मी पदर तोंडाला लावला.

भिंतीवर चित्र लावलं. वरचं पाणी एका मोठ्या खड्ड्यात थांबवायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी पुढं नाल्याला सोडायचं. खोटं कशाला बोलू, कल्पना चांगली होती. चित्रात खड्ड्याकाठी बाक होता, पाण्यात चार बदकं होती. फक्त तो खड्डा आमच्या विहिरीपासून वीस पावलांवर होता, मारुतीच्या पाराखालच्या खोलगटात. वस्तीच्या खाली बाभळींपाशी सरकारी जागा रिकामी पडलीय, पाणी आपल्या पायानं तिकडंच जातं. पण तिथं गाडी जात नाही. साहेब उतरून चालले असते तर बूट भरले असते. नकाशात आमच्या विहिरीपुढं लिहिलं होतं, ‘पडीक’.

माझी शेजारीण शहजादी उभी राहिली. “साब, इस बावडी का पानी हम पीतें.”

“मग पिऊ नका ना ताई,” साहेब हसून म्हणाले.

“तो क्या पीना? तुमारा नक्शा?”

सगळे हसले. साहेबही हसले, मोठ्या माणसांना गरिबांचा विनोद आवडतो. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, “ताई, खाली सगळा काळा पाषाण आहे. थेंब झिरपायचा नाही. मे महिन्यात पूर्ण अभ्यास झालाय.”

मे महिन्यात! कोरड्या नाल्यात उभं राहून पाण्याचा अभ्यास!

दर आषाढात त्या खोलगटात पाणी साचलं की आम्ही बायका घरटी मूठ-मूठ हळद त्यात सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या तिसऱ्या थरातल्या फटीतून पिवळी धार लागते. ‘आसरा न्हाऊन घरी आल्या,’ म्हणून आम्ही हात जोडतो. इतकी वर्षं मीही जोडले, त्यापुढं डोकं चालवलं नाही. सासूबाई मात्र त्या खोलगटात कुणाला फडकं धुऊ देत नसत. का, ते मला त्या साहेबाच्या तोंडून ‘थेंब’ ऐकल्यावर कळलं.

“महिलांना काही म्हणायचंय का?” मोनाली मॅडमनी घड्याळ बघत विचारलं.

साडेअकरा झाले होते. बोलता येईना. मी उठले आणि हात वर करून खिडकीतून खोलगटाकडं दाखवलं, मग विहिरीकडं.

“वा मावशी! अशाच थांबा.” मॅडमनी फोटो काढला.

आठवड्यानं कागद आला. ‘उपस्थित महिलांनी हात उंचावून संमती दर्शवली.’ कोपऱ्यावर हातभर फलक लागला. त्यावर मी, हात वर केलेली, मागं ती चार बदकं. खाली भूमिपूजनाची तारीख. शुक्रवार, सकाळी दहा.

शहजादी फलकाखालीच भेटली. “भाभी, मुँह में दही जमाए थे क्या?”

“शुक्रवार होता गं.”

“हाँ, तो आल्ला मियाँ ने साब को भी बोल दिया होएंगा, जुम्मे कोच रखो.”

ती रागावली होती आणि तिचं खरं होतं. आवाज लहान, त्यावर व्रताचं झाकण. मला ते सोयीचंच होत आलं होतं, हेही लिहून ठेवते. त्यांना मी मनात नावं ठेवत होते आणि माझ्याच हाताची त्यांनी सही करून घेतली होती.

“शहजादी, घरात हळद किती आहे?”

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. मग तिला कळलं. ती दरसालची हळद तिच्याही घरातून जाते.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी साठ घरं फिरलो. कुणी वाटी दिली, कुणी मूठ. एकीनं लग्नातली उरलेली अख्खी पिशवी दिली. आदल्या रात्रीच्या पावसानं खोलगट काठोकाठ भरलं होतंच. सगळी हळद त्यात ओतली. यंदा हात जोडताना मी डोळे उघडे ठेवले.

आज शुक्रवार. पहाटे आसरांना पाणी घातलं, मग वाकून पाहिलं. तिसऱ्या थरातल्या फटीतून पिवळी धार चालू होती. अर्धी विहीर पिवळी झाली होती. ज्या पाषाणातून थेंब झिरपत नाही, त्या पाषाणातून.

पोहरा सोडला. तांब्या भरून घेतला.

पावणेदहाला मंडपात माइकवर ‘हॅलो, हॅलो’ सुरू झालं. खोलगटापाशी कुणीतरी नारळ, फुलं मांडत होतं. पाणी पिवळं का, हे विचारायची त्यातल्या एकालाही गरज वाटली नव्हती. साहेबांच्या खुर्चीपुढं सीलबंद बाटली ठेवली होती. बाटली दिसली की उचलून ठेव, असं मी शहजादीला कालच सांगितलं आहे.

सात दगडांपुढं बसले. “आई, आज बारा वाजायची वाट नाय बघत,” म्हणाले. शुक्रवारी त्या वेळेला माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. काही कोसळलं नाही. धार तशीच चालू होती.

काय बोलायचं ते ठरलेलं आहे. साहेब, आधी पाणी घ्या.

डोक्यावर पदर घेतला, तांब्यावर तळहात ठेवला, सांडू नये म्हणून, आणि मंडपाकडं निघाले.