चावलेले ठोकळे

प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली मामा म्हणायची. विमानाचं चाक हरवलं, इंजिनाची चिमणी तुटली, की पोरं आईबापांना ओढतच त्याच्याकडे आणायची. मग मामा भिंतीवरच्या खणांतून नेमका एक खण ओढायचा आणि हवा तो सुटा भाग पुढे करायचा.

जुना मालही तो घरोघरून विकत घ्यायचा. आली पेटी की टेबलावर उलटी करायची, जोडलेलं सगळं सोडवायचं, धुवायचं, रंगाप्रमाणे लावायचं. दातांच्या खुणा असलेला ठोकळा मात्र थेट केरात. घट्ट बसलेले ठोकळे पोरं दातांनीच सोडवणार, त्यांना कोण सांगणार! पण चावलेला माल विकेल तो मामा कसला? या बाबतीत त्याची मान जरा जास्तच ताठ असे.

त्या दिवशी पेट्यांवर पेट्या आल्या. मामाचे हात मालात होते आणि जीभ गिऱ्हाइकाशी गप्पांत. एका पेटीतून लाल भिंतींचं, निळ्या छपराचं घर निघालं, तेही त्याने बोलता बोलता सोडवून टाकलं. दुपारी केराची गाडी येऊन गेली. संध्याकाळी त्याने फोन हातात घेतला, तेव्हा भाऊजींचा सकाळचा निरोप दिसला : 'पोराची पेटी पाठवतोय. हिला ती बघवत नाही. तुझ्याकडे सांभाळून ठेव.'

लाल भिंतींचं ते घर त्याच पेटीतलं! साऱ्या गल्लीचा मामा असला तरी त्याला खरा भाचा एकच होता, आणि तो गेल्या वर्षी तापात गेला होता. ते घर पोराने अंथरुणात बसून बांधलं होतं.

मामाने ते पुन्हा बांधलं. ठोकळ्यांना तोटा नव्हता आणि घर त्याच्या डोळ्यांपुढे होतं. छपरातली खिडकीसुद्धा तो विसरला नाही. काही दिवसांनी ताई आली. "बघू दे रे एकदा," म्हणाली. तिने घर मांडीवर घेतलं, दाराच्या कडेने बोट फिरवलं, परत फिरवलं.

"हे त्याचं नाही."

"अगं ताई..."

"दाराजवळचे सगळे चावून ठेवले होते त्यानं. दात तुटतील म्हणून ओरडले होते मी. शेवटचं ओरडले ते त्यावरूनच."

मामाने सगळं खरं सांगून टाकलं. ताई चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "एखादा राहिला असेल. शोध ना."

मामाने दुकान बंद ठेवून सगळे खण पालथे घातले. लाल ठोकळा हाती आला की आधी अंगठा कोपऱ्यावर जायचा. आणि एक सापडला! कोपऱ्यावर दोन बारीक खळगे होते. पण तो खण भाच्याची पेटी येण्याच्या कितीतरी आधी भरलेला होता. दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराचे दात होते ते. इतकी वर्षं मिरवलेली ताठ मान, आणि चावलेला माल खुद्द दुकानातच पडून!

तेवढ्यात ताईचा फोन आला. "सापडला का रे?"

ठोकळा मुठीतच होता. नुसतं हो म्हटलं असतं, तर तिच्या जिवाला थंडावा मिळाला असता. हो अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या पोराला एकदा केरात घालून झालं होतं, आता त्याच्या जागी दुसऱ्याला बसवायचं मामाच्याने होईना.

"नाही गं."

"उद्या परत बघशील?"

पालथे घातलेले खण भोवती पसरले होते. त्यांतला एकही बघायचा राहिला नव्हता.

"बघतो की," मामा म्हणाला.