पेशी

सर्जेरावानं दवाखान्याच्या पायरीवर चपला काढल्या आणि पाय न वाजवता आत शिरला. थोरल्या भावाचं, कारभारीचं, सोंग त्याला आज उघडं पाडायचं होतं. उद्या भोकरदनच्या कोर्टात सामाईक विहिरीच्या दाव्याची पेशी. दावा लावला कारभारीनंच, आणि दर खेपेला काहीतरी खुसपट काढून पेशी वाढवून पुढची तारीख घेणाराही तोच. आता ऐन वेळी म्हणे जालन्यात ॲडमिट! सर्जेराव काही दुधखुळा नव्हता.

पडद्याआडून भावजय झुंबरबाईचा आवाज आला.

“डाक्टरसाहेब, काय बी करा, पण पेशी वाढल्या पाह्यजेत.”

“वाढतील. थोडा धीर धरा.”

सर्जेरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरही सामील! त्यानं पडदा खसकन ओढला.

“पेशी वाढवायसाठी इथं येऊन निजलास व्हय, दादा?”

कारभारीनं बोलायला तोंड उघडलं. हिरड्यांतून रक्त येत होतं.

“कोर्टाची न्हाई हो, भावजी,” झुंबरबाई रडकुंडीला आली. “रगतातल्या पेशी. डेंगू झालाय त्यायला.”

सर्जेरावाला तरी पटेना. भावाच्या हातावर बारीक लाल ठिपके उठले होते. त्यानं अंगठ्यानं एक ठिपका पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

“या पेशी नुसतं रक्त थांबवत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “रोगाशी लढायलाही धावतात. पण या तापात शरीराचाच गोंधळ उडतो. आपल्याच पेशींना वैरी समजून मारतं ते.”

सर्जेरावानं अंगठा मागं घेतला. त्याला भयंकर लाज वाटली.

“ताजं रक्त लागेल. भावाचा गट जुळतोय का बघू.”

“याचं नगं,” कारभारी कष्टानं म्हणाला. “मंग विहीर मागंल.”

सर्जेराव बाही वर सारत होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टात कारभारीच्या नावाचा पुकारा झाला. कुणी उठलं नाही. सर्जेरावाचा वकील खुशीत त्याच्या कानाशी लागला.

“दावा लावणाराच आला नाही. दावा फेटाळा, असं सांगतो कोर्टाला. विहीर तुमचीच.”

“न्हाई साहेब. पेशी वाढवून मागा.”

“तुम्ही? आजवर याच्याच नावानं बोंबलत होता ना?”

“मागा तुम्ही.”

वकिलानं नाइलाजानं अर्ज दिला. जरा वेळानं पुढची तारीख घेऊन तो बाहेर आला.

“घ्या, वाढली पेशी.”

सर्जेरावानं काल रक्त दिलेल्या हाताच्या कोपराजवळचा कापूस दाबून धरला.

“तिकडं बी वाढू दे रे देवा,” तो म्हणाला आणि जालन्याची गाडी धरायला निघाला.