चारही जागा भरल्या

चारही जागा भरल्या. शेवट आधीच सांगितला, कारण बाईंच्या तोंडात तो टिकलाच नाही. वॉर्डभर सांगत सुटल्या.

आता थोडं मागे जाऊ. बाई फॅमिली मेडिसिनच्या विभागप्रमुख, विभागात विद्यार्थ्यांच्या चार जागा. यंदाही शिकायला कुणी आलं नाही तर विभागाला टाळं, असं डीननी बजावलेलं. विद्यार्थ्यांना विषय निवडायला बोलावलं त्या दिवशी शेजारच्या टेबलावर हृदयवाल्या सरांचं चकचकीत यंत्र होतं आणि तिथेच सगळी झुंबड.

"बाई, तुमचं यंत्र कुठंय?" सरांनी चिमटा काढला.

"जिना चढतंय."

वर आल्या बाईंच्या जुन्या पेशंट आजी, मागे सून आणि नातसून. महिनाभर आजींना चक्कर येत होती. डोक्याचे फोटो काढून झाले होते, सापडलं काही नव्हतं. बाईंनी चार मुलं ओढून आणली.

"नाडी नंतर. आधी घर विचारा."

एक मुलगी चाचरत म्हणाली, "आजी, ब्लडप्रेशरची गोळी तुम्हाला कोण देतं?"

"मी," सून म्हणाली.

"मी," नातसून म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"दोघी प्रेमानं देतात गं," आजी म्हणाल्या. "नाही कसं म्हणू?"

आधी हशा पिकला. मग यंत्राभोवतीची गर्दी इकडे सरकली. त्या मुलीनं पहिली पसंती हाच विषय भरला, पाठोपाठ इतरांनीही.

जागावाटपाच्या निकालाच्या दिवशी हृदयवाले सर दारात घुटमळले. "सासऱ्यांना चक्कर येते. आणू का?"

"आणा," बाई म्हणाल्या, "पण घरचे सगळे घेऊन या. आता माझ्याकडे माणसं आहेत."