फुगलेली खिडकी

"लाकूड फुगलंय," असं रंगाऱ्याने सव्वीस वर्षांपूर्वी बायकोला ठोकून दिलं, आणि तेव्हापासून मागच्या खोलीची खिडकी बंद ती बंदच. खरी गोष्ट अशी, की लोकांची दारं-खिडक्या आरशासारखी चकाकवणाऱ्या या पठ्ठ्याने स्वतःची खिडकी घाईघाईत मिटलेलीच रंगवली होती. प्राइमर फटीत उतरला, वर ऑइलपेंट बसला आणि झडपा चौकटीला चिकटल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उद्या लेक चार महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती आणि त्याच खोलीत राहणार होती. "काहीही करा, पण बाळाला वारा लागला पाहिजे," असं बजावून बायको बाजारात गेली. रंगाऱ्याला आयतीच संधी मिळाली. कोरडा पॉलिश पेपर घासला असता तर ती परतायच्या आत सगळा पुरावा साफ. पण त्या जुन्या रंगात विषारी शिसं होतं. धूळ उडून खोलीभर बसली असती, तीही तान्ह्या बाळाच्या नशिबी! आणि सावकाश काम करावं, तर बायकोसमोर नाक कापलं जाणार.

"जाऊ दे नाक," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, तोंडाला धुळीचा मास्क लावला आणि फटीवर पाणी फवारत ओला रंग पात्याने खरवडायला घेतला. पोपडे तो पिशवीत भरत होता. एक झडप सुटली, दुसरी निम्मी झाली, आणि दारात बायको!

"आत येऊ नकोस," तो मास्कमधूनच ओरडला.

तिने तिथूनच फटीतला प्राइमरचा जाड थर पाहिला. "हेच का ते फुगलेलं लाकूड?"

रंगाऱ्याचे कान लाल झाले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात. बारा महिने फुगलेली मी फक्त तुमची धाकटी बहीण पाहिलीय."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू किती वर्षं टिकवताय!"

तो इतका हसला की मास्क घसरायला लागला. सव्वीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. संध्याकाळपर्यंत खिडकी उघडली. त्याने ओल्या फडक्याने जमीन दोनदा पुसली, कपडे वेगळे भिजवले आणि अंघोळ करूनच चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी लेक खोलीच्या दारातच थबकली. "अय्या, ही उघडली? बाबा, कशी काय?"

रंगारी घसा खाकरू लागला.

"काही नाही गं," बाळाची दुपटी घालत बायको म्हणाली, "लाकडाची सूज उतरली."