‘ये ना’ म्हणणारी गाडी

“अगं, ये ना!”

आधी गाडीत जाऊन बसायचं आणि तिथून हाका मारायच्या, ही काकांची सवय. काकू कुलूप ओढून बघायच्या, पुन्हा एकदा ओढून बघायच्या, तोवर बाहेर चालूच, “ये ना... ये ना!”

ते गेले, हाक गेली. गाडी तेवढी दारात राहिली.

आज तिच्याभोवती अख्खी गल्ली लोटली होती. काचबाबांनी (गाडीच्या काचेवर आत्मा बोलावतात म्हणून नाव गल्लीनेच ठेवलेलं) तांब्या उंचावला. “आत्म्याचं दार उघडा!” म्हणजे किल्ली फिरवा. काकूंनी फिरवली. बाबांनी मंतरलेलं पाणी काचेखालच्या फटीत ओतलं. जरा वेळाने दोन्ही वायपर आपोआप उठले आणि कोरड्या काचेवर रबर करकरलं : ये-ना, ये-ना.

गल्लीने हात जोडले.

“काकांना विचारा, आमच्या जावयाची बदली होईल का?”

“हलतोय म्हणजे होईल.”

“अहो, पण नाही म्हणतानाही माणूस असाच हात हलवतो!”

“शांत!” बाबा गरजले. “डावं पातं माया, उजवं पातं छाया, मधली काच ती काया! माई, ते बोलावतायत. गाडी मठात, तुम्ही मठात. घर सेवेकरी सांभाळतील.”

काकूंची पिशवी भरून तयार होती. या घरात भांडं पडलं तरी ‘काय पडलं?’ विचारणारं कुणी नव्हतं. तिकडे निदान हाक तरी होती.

तेवढ्यात वायपर थांबले आणि बादली घेऊन गर्दीतून काकूंची लेक आली. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवायची. शेजारणीने फोन केला तशी निघून आली होती.

“पोरी, तुला श्रद्धा नाही. तुझ्या हातून पातं हलायचं नाही,” बाबा म्हणाले.

लेकीने नळाचं पाणी त्याच फटीत ओतलं आणि काचेकडे बघून वडिलांना विचारलं, “अप्पा, दोन नि दोन पाच ना?”

ये-ना, ये-ना.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“आमचे अप्पा गणितात इतके कच्चे नव्हते,” लेक म्हणाली. “या फटीखाली वायपरची मोटर आहे. वायरींच्या जोडावरचं झाकण मुळातच सदोष. पाणी शिरलं की मोटर आपली आपण फिरते, आणि भर पावसात बंदही पडते. कंपनीनेच या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्यात. बाबा, मठाची गाडीही याच बनावटीची ना? तिथे कुणाचा आत्मा हात हलवतो?”

“घोर कलियुग!” बाबांनी तांब्या उचलला.

“कंपनीने चूक कबूल केली. तुम्ही कधी करताय?”

बाबा गेले ते मागे न बघता. पांगणाऱ्या गल्लीला लेक एवढंच म्हणाली, “पाणी बदला, हात बदला, मग बघा. तरीही तेच घडलं, तर तो चमत्कार नव्हे. आणि विचारायला भिऊ नका.”

वायपर पुन्हा थांबले होते. काकू काचेकडे बघत राहिल्या. काचेवरचं पाणी पुसायला पातं असतं, डोळ्यांतल्याला पदरच.

“म्हणजे... ते नव्हतेच?”

“नव्हते, आई.”

आभाळ कोरडं होतं तोवर गाडी दुरुस्तीला पोचवायला लेक आत बसली. काच खाली करून तिने फोनवरचा नेहमीचा प्रश्न विचारला, “तू बरी आहेस ना?”

‘मजेत’ हा शब्द काकूंच्या ओठांवर तयारच असायचा. आज तो फुटेना.

“नाही गं. घर खायला उठतं मला. तू माझ्याकडे राहायला... ये ना.”